कॉस्मसच्या बॅगेतली जुनी डिस्क

मी पस्तीस वर्षं पार्ल्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यामुळे न विचारता मत द्यायची मला सवय आहे, आणि ते कुणी मानलं नाही की माझं डोकं फिरतं. कॉस्मसने एका डिस्कवरून माझं डोकं असं काही फिरवलं की विचारू नका.

कॉस्मस मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा मराठी ख्रिस्ती. बावीस वर्षं कुवेतमधल्या एका अमेरिकन कॅम्पात एसी दुरुस्त करायचा. तिथल्या गोऱ्यांकडून तो डिस्क गोल्फ शिकला आणि परत येताना लोक सोनं आणतात तिथे हा बाबा पिशवीभर डिस्क घेऊन आला. हा खेळ म्हणजे गोल्फच. चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पाडायची. दर रविवारी सकाळी सातला आम्ही सहा-सात जण गावठाणामागच्या मैदानात जमतो. श्रेयस म्हणून एक बँकवाला आहे, तो गाडीच्या डिकीतून घडीच्या टोपल्या आणतो. आम्हा सगळ्यांना शिकवलं कॉस्मसनेच. त्याची उजव्या हाताची फेक बघायला शेजारच्या टॉवरचे वॉचमन भिंतीला टेकून उभे राहायचे.

चौदा महिन्यांपूर्वी तो यायचा बंद झाला. त्याची बायको यव्होन अंधेरीला टेलिफोन ऑपरेटर होती, अर्ध्या मरोळचे नंबर तिला तोंडपाठ. नेमकं तिलाच विस्मरणाने गाठलं. एकदा दार उघडं राहिलं आणि ती बाहेर पडली, ती पाच तासांनी साकीनाक्याच्या बसस्टॉपवर सापडली. "त्या दिवसापासून ती माझा हात सोडत नाय," असं कॉस्मस सांगायचा. सांभाळायला बाई ठेवली तर यव्होन ओरडून घर डोक्यावर घेईल, हेही तोच सांगायचा. मुलगा कार्ल कॅनडात. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, तिन्ही बाजूंनी टॉवर आणि आत ही दोघं. मी भेटायला जायचो तेव्हा दोघं बाकावर हात धरून बसलेली असायची. पहिल्यांदा मला ते गोड वाटलं. चार-पाच भेटींनंतर माझाच जीव गुदमरायला लागला.

"कसा आहेस रे?"

"हाय इथंच. कुठं जाणार?"

असा माणूस एका शनिवारी फोन करतो आणि म्हणतो, "मास्तर, उद्या येतो खेळायला. तिला घेऊन येतो." मी चप्पल घातली आणि तडक मरोळ गाठलं.

त्याची बॅग बाकावर उघडी पडली होती. पूर्वी त्यात वीस डिस्क असायच्या. आता यव्होनचे बदलायचे कपडे, डायपर, पाण्याची बाटली, मारी बिस्किटं, गोळ्यांचा डबा. "दोनच बसतात," कॉस्मस म्हणाला. त्यातली एक टोपलीजवळून टाकायची, ती लागतेच. म्हणजे लांब फेकायला उरली एकाच डिस्कची जागा, आणि समोर होत्या दोन. कार्लने ख्रिसमसला पाठवलेली निळी, कोरी करकरीत. आणि कुवेतची नारंगी: उन्हाने विटलेली, कड झिजून बोथट, एका बाजूला कुत्र्याच्या दातांचे व्रण.

"यात विचार कसला करायचा? निळी घे," मी म्हणालो.

"नाय. हीच."

मग मी सुरू झालो. कड झिजली की डिस्क जोर सोसत नाही. तुझ्यासारख्याच्या दणकट फेकीला ती हवेतच उलटून उजवीकडे भरकटते, वगैरे. पंधरा मिनिटं लेक्चर झोडलं. तो ऐकून घेत होता. यव्होन माझ्याकडे पाहून हसत होती. शेवटी त्याने डाव्या हाताने नारंगी उचलली आणि डायपरशेजारी कोंबली. मी चहासुद्धा न घेता निघालो.

रविवारी तो खरंच आला. उजव्या हातात यव्होनचा हात, डाव्या खांद्यावर बॅग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची पाळी आली आणि त्याने डाव्या हाताने फेकली.

मी वर्षभर बघत होतो, तिने धरलेला असतो तो उजवाच हात. एवढं फिजिक्स शिकवून मला ते सुचलं नव्हतं. त्याने व्हरांड्यात बसल्या बसल्या डाव्या हाताला वळण लावलं होतं. पण त्रेसष्टाव्या वर्षी शिकवलेल्या हातात जोर कुठून येणार? नवी डिस्क जोर मागते, नाहीतर वीस पावलांत कलंडून पडते. झिजलेली नारंगी तेवढ्याशा जोरावर सरळ तरंगत गेली. मला स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली की मी मदत करायला धावतो, हा माझा दुसरा दुर्गुण. "तिला मी धरतो," मी म्हणालो. "तू एक तरी फेक उजव्याने मार."

"ओरडंल ती."

"ओरडू दे. मैदान आहे."

मी माझा हात तिच्या बोटांजवळ नेला. यव्होनने त्याचा हात सोडला आणि माझा धरला. तितकाच घट्ट. ती समोरच्या कबुतरांकडे बघत होती. कुणाचा हात आहे हे तिने वळूनही पाहिलं नाही.

"झकास! अंकल, आता उजव्याने!" श्रेयसने स्वतःची नवी डिस्क पुढे केली. मला तर आनंदाचं भरतं आलं. सुटला बिचारा! मी बोलत सुटलो: आता रोज तासभर कुणीतरी येत जाऊ, माझी बायको अस्मिता येईल, तू बाजारात जा, खेळायला ये, मोकळा झालास...

कॉस्मसने डिस्क घेतली नाही. त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता. तो माझ्या हातातल्या तिच्या बोटांकडे बघत होता.

"तिनं बघितलं पण नाय," तो म्हणाला.

मग मी नको तो प्रश्न विचारला. "बाई कधी ठेवून बघितली होतीस का रे?"

"नाय."

"एकदाही?"

त्याने मान हलवली. डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "मला वाटलं, माझाच पायजे तिला."

श्रेयस हळूच बाजूला झाला. तरी मी माझंच दामटत होतो: "अरे, पण हे चांगलंच झालं ना? तिला कुणाचाही हात चालतो."

"तिला चालतो. मला नाय चालत, मास्तर. दे इकडं."

मी तिचा हात त्याच्या उजव्या हातात दिला आणि त्याची नारंगी डिस्क आणायला गेलो.