मौनावर दोन शब्द

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा वहिनींच्या नव्या चादरीचं पार वाटोळं झालं.

तर यंदाच्या हिवाळ्यात मी इंदापूरकडे जाऊन भुतांपुढे व्याख्यान देऊन आले. हो, मीच! बारामतीत जन्मभर मराठी शिकवलेली, 'भूत असते का?' या निबंधात 'असते' लिहिणाऱ्या पोरांचे मार्क कापणारी बाई.

झालं असं, की उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातल्या वाचनालयाचे नामदेवराव, भला माणूस, त्यांचा फोन आला. "म्याडम, आमच्याकडं व्याख्यान द्याल का? इषय हाय, मौन. साहित्यातलं, स्वभावातलं आन् रोजच्या जगण्यातलं."

निवृत्त झाल्यावरचं पहिलं आमंत्रण! मी लगेच हो म्हटलं. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मौनावर? तू?" बास, तेवढंच. दिवसभराचा कोटा संपला त्यांचा.

सकाळी एसटीनं फाट्यावर सोडलं. धुकं असं, की स्वतःची पर्स दिसेना. पाणी कुठं संपतंय आणि रस्ता कुठं सुरू होतोय, कळायला मार्ग नाही. चहाच्या टपरीवर एक तात्या चूल पेटवत होते. त्यांना विचारलं, "हॉल कुठं आहे हो? कार्यक्रम आहे माझा."

"ह्या पाण्याच्या कडंकडंनं जावा. पण बाई, पयला हॉल..."

"अय्या, काय सुंदर पाणी आहे! गाव किती जुनं हो तुमचं?"

"जुनं गाव तर त्या पाण्याखाली हाय. धरणात गेलं. देऊळ, घरं, समदं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस दिसतोय." तात्यांनी धुक्याकडे बघितलं. "आमचा म्हातारा म्हनायचा, काही लोकं उठलीच न्हाईत तितनं."

उठलीच न्हाईत म्हणजे? मी विचारणार होते, पण तोवर मी माझ्या व्याख्यानाची सुरुवात त्यांना ऐकवायला लागले होते. पहिल्या हॉलचं ते काय सांगत होते, ते राहूनच गेलं.

निघाले. एका बाजूला ऊस, एका बाजूला पाणी. कुत्रं भुंकत नाही, पाखरू ओरडत नाही. माझ्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटायचा. मी थांबले की तोही थांबायचा. मग मी मोठ्यानं भाषणाची उजळणीच सुरू केली. माणसाला सोबत लागते हो!

आणि धुक्यातून एकदम हॉल पुढे आला. दारात पांढऱ्या साडीतली एक बाई उभी. मी म्हटलं, "नमस्कार, मी बारामतीहून आले, आजची वक्ता." तिनं हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं. मग शेजारच्या टोपलीकडे बोट केलं. टोपलीत नुसते मोबाईल. सगळे बंद.

काय शिस्त आहे, वा! मीही माझा बंद करून ठेवला.

आत गेले आणि पाय जागीच थिजले.

माणसंच माणसं. चटयांवर ओळीनं बसलेली, सगळी पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांचे डोळे मिटलेले. एक खोकला नाही, एक बांगडी वाजत नाही. अहो, मराठी श्रोते आणि खोकला नाही? खिडकीतून धुकं आत येत होतं आणि मागच्या ओळी त्यात निम्म्या विरून गेल्या होत्या. पुढे एक रिकामं आसन आणि माइक. बाईनं तिकडे हात केला आणि तीही मिटल्या डोळ्यांनी खाली बसली.

मी माइक हातात घेतला. "नमस्कार! मागे ऐकू येतंय का?"

कुणी हललं नाही.

"हो तरी म्हणा कुणीतरी!"

काही नाही. माझाच आवाज भिंतीला लागून परत आला, आणि शपथेवर सांगते, तो मला ओळखीचा वाटला नाही.

तेव्हा मला तात्यांचं वाक्य आठवलं. काही लोकं उठलीच न्हाईत.

मानेवरून गार पाण्याचा ओघळ गेल्यासारखं झालं. लहानपणी आजीनं एक खूण सांगितली होती, पाय बघायचे. उलटे असले की समजायचं. मी हळूच खाली नजर टाकली. सगळे मांडी घालून बसलेले! एकाचाही पाय दिसेल तर शपथ!

दुसरी कुणी असती तर पळाली असती. पण माझं वेगळंच आहे. घाबरले की मी बोलते. जेवढी घाबरते तेवढी जास्त बोलते.

मी साहित्यातल्या मौनावर बोलले. म्हटलं, लेखक दोन वाक्यांच्या मधे जे सोडतो तेच खरं. आणि स्वतः दोन वाक्यांच्या मधे श्वाससुद्धा सोडला नाही. स्वभावातल्या मौनावर बोलले, आमच्या ह्यांची सगळी गाऱ्हाणी बाहेर काढली. रोजच्या जगण्यातलं मौन म्हणजे शिट्टी व्हायच्या आधीचा कुकर, असंही म्हटलं. एरवी या वाक्याला हमखास टाळी मिळाली असती.

इथं काहीच नाही. फक्त तिसऱ्या ओळीतल्या एका बाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग शेजारच्या माणसाचे खांदे हलायला लागले. मग ओळच्या ओळ थरथरायला लागली. आवाज मात्र शून्य!

भीती होतीच, पण दयाही आली हो. किती वर्षांचं दुःख असेल ते! मी माइक छातीशी धरला आणि म्हटलं, "मला कळलंय तुम्ही कोण आहात. तुमचं गाव गेलं, फार वाईट झालं. घरच्यांना काही निरोप द्यायचा राहिला असेल तर सांगा, मी पोचवीन. आणि कुणाची काही इच्छा अडकली असेल, तर शांत व्हा, बाबांनो. पुढं जा आता."

त्याबरोबर थरथर इतकी वाढली, की एक जण चटईवर आडवाच झाला. मला वाटलं, गेला! मुक्त झाला!

तेवढ्यात कुठंतरी घंटा वाजली. सगळे एकदम उठले. माझ्याकडे न बघता, खाली मान घालून, शेजारून एकेक करत निघून गेले. मी पाय बघितले. सरळ! झाडून सगळ्यांचे सरळ! मला हायसं वाटलं, पण मग हे आहेत तरी कोण?

हॉल रिकामा झाला. पुढच्या ओळीत एक म्हातारबाबा तेवढे तसेच बसून होते, अगदी निश्चल. मी भीत भीत जवळ गेले, खांद्याला बोट लावलं. बर्फासारखा गार! "आबा?" मी पुटपुटले. "तुम्ही नाही का गेलात पुढं?"

आबांनी एक डोळा उघडला.

"बाई," ते म्हणाले, "आमी जित्ते हाय. तुमी जरा दम घ्या."

मी मटकन खाली बसले.

"मौनाचं शिबिर हाय ह्ये," आबा हळू आवाजात सांगायला लागले. "ध्यान करायचं, बोलायचं न्हाय, कुणाकडं बघायचं न्हाय. आठवडा झाला, तोंडातनं सबूद काढला न्हवता मी. आमाला वाटलं, आजच्या प्रवचनाला नव्या बाई आल्यात. पन तुमी कुकरवर आलात आन् मग मुक्तीच द्याया लागला... हसू दाबून दाबून बरगड्या दुखाया लागल्या सगळ्यांच्या."

"मग वाचनालय?"

"ते म्होरं, देवळाशेजारी. दुसरा हॉल." आणि त्यांनी डोळा पुन्हा मिटून घेतला.

मी टोपलीतून फोन उचलला आणि धुक्यात पळत सुटले. फोन चालू करते तो नामदेवरावांचे मिस्ड कॉल थांबेचनात. लावला. तोंड कुठं लपवू असं झालं होतं. "नामदेवराव, माफ करा, मी चुकून भलतीकडंच... पोचतेच आता, लोकांना थांबवा!"

"आता नगा धावपळ करू म्याडम, कार्यक्रम झाला की!"

"झाला? कुणी केला?"

"तुमीच की! तुमी येईनात, फोन लागंना. मी लोकांना म्हनलं, म्याडमचा इषयच मौन हाय, तवा येईस्तोवर गप बसूया. बसलो. आन् काय सांगू, असं बरं वाटलं! दोन भाऊ हायती आमच्याकडं, बांधावरनं बोलणं बंद होतं. उठल्यावर संगट चहाला गेली. समदी म्हनत्यात, म्याडमनी मुद्दामच येनं टाळलं. एवढी मोठी बाई, आन् काय युक्ती केली! डोळ्यांत पाणी होतं लोकांच्या."

"खरंच?"

"व्हय तर! शाल-नारळ घरी पाठवतोय. आन् पुढच्या वर्षीबी व्याख्यान तुमचंच ठेवायचं ठरलंय." मग ते जरा अडखळले. "फकस्त म्याडम, एक इनंती हाय लोकांची... तवाबी येऊ नका."