रिकाम्या खुर्चीचे चित्र

नव्वदच्या दशकातील उन्हाळ्याची ती एक दुपार होती. सांगलीत माझे पुस्तकबांधणीचे दुकान होते आणि त्या दुपारी माझ्या हातून एक चूक घडली. ती आज येथे लिहून ठेवीत आहे… फुशारकीच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत.

मिरजेचे एक तरुण डॉक्टर विलायतेत शिकून आले होते. ते ज्या गावी राहिले, तेथील व्यावसायिक फुटबॉल संघाचा सचित्र इतिहास त्यांनी बरोबर आणला होता. मिरजेत फुटबॉलचे वेड जुनेच. पुस्तक मित्रमंडळीत फिरून फिरून कण्यातून सुटले होते.

मजकुराच्या मधोमध संघाची बावीस छायाचित्रे होती, दर वर्षाचे एक. जाड, गुळगुळीत कागद, मागची बाजू कोरी, त्यावर पानाचा आकडा नाही. चित्राखाली खेळाडूंची नावे तेवढी छापलेली, साल कोठेच नाही.

क्रम नीट राहील ना, इंग्रजी वाचता येते ना, असे डॉक्टरांनी संकोचाने विचारले. माझे शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी शाळेत. मी ताठ मानेने म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पुस्तक बांधायला ते वाचता यावे लागत नाही."

बांधणीचा पहिला नियम असा, की पुस्तक उसवण्यापूर्वी प्रत्येक सुट्या कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक आकडा घालावा. चाळीस वर्षे मी तो पाळला होता. त्या दिवशी मात्र वाटले, बावीसच तर चित्रे आहेत… उचलून बाजूला ठेवू.

वीज गेलेली होती आणि पंख्याचे बटण चालूच राहिले होते. चित्रे टेबलावर ठेवून मी कापड कापत होतो, तोच वीज आली. पंखा फिरला आणि बावीसच्या बावीस चित्रे दुकानभर उडाली.

पुस्तकाच्या प्रारंभी चित्रांची यादी होती, पण इंग्रजीत. समोरच एक वकील राहत. त्यांना हाक मारली असती तर घटकाभरात काम झाले असते. परंतु वाचता यावे लागत नाही, हे वाक्य मी दुकानाच्या दारात, त्यांच्या देखतच बोललो होतो… गेलो नाही.

प्रथम चड्ड्यांच्या लांबीवरून क्रम लावून पाहिला. पाच-सहा वर्षे चड्डी तसूभरही हलली नव्हती. मिशांवरून लावला, तोही फसला.

तेवढ्यात दुकानामागच्या घरातून आमच्या मंडळी, म्हणजे माझी बायको, खळ घेऊन आल्या. त्या कुंडल गावच्या, शाळेची पायरी न चढलेल्या. पण कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून कणकेची चिकट खळ त्यांच्यासारखी कोणी शिजवीत नसे. मी पंख्यावर सगळा दोष टाकला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पंखा न्हाई शिकला चौथी, तुमी शिकलाय."

मग चित्रे पाहता पाहता त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवले. "आवं, ह्यो गडी बघा की. समद्या फोटूत कडंला बसलाय. बाकीची खेळत्यात, ह्यो आपला बादली धरून. तुमच्यावानीच."

मी चष्मा पुसून पाहिले. डाव्या टोकाच्या खुर्चीवर, खांद्यावर टॉवेल आणि पायाशी बादली, असा एकच माणूस. खेळाडू बदलत होते, हा तोच होता. एका चित्रात काळेभोर केस, दुसऱ्यात कानशिले पांढरी, आणखी एकात टक्कल आणि पोक… आम्ही दोघांनी त्याच्या वयावरून चित्रे लावली. एकवीस चित्रे माळेसारखी लागली.

बाविसावे उरले. त्यात ती खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर टॉवेलची घडी ठेवलेली होती.

मंडळी हळूच म्हणाल्या, "गेला वाटतं बिचारा." मी ते चित्र सर्वांत शेवटी ठेवले आणि पुस्तक शिवले.

शनिवारी डॉक्टर आले. बांधणी पाहून प्रसन्न झाले आणि यादीशी एकेक चित्र ताडून पाहू लागले. त्यांचे बोट एका जागी थांबले. वकीलही समोरच्या ओट्यावर बसलेले होते.

"काका, एक चुकलंय. हे शेवटचं चित्र खरं मधलं आहे, अकरावं."

मी सगळे सांगून टाकले. न घातलेले आकडे, पंखा, बादलीवाला, रिकामी खुर्ची… वकिलांना ऐकू जाईल हेही ध्यानात राहिले नाही. खेळाडूंचे चेहरे पाहिले असते तर ते चित्र सहज जागेवर बसले असते. पण आम्ही खेळाडूंकडे पाहिलेच नव्हते.

डॉक्टर बराच वेळ पाने चाळीत होते. वीस वेळा हे पुस्तक वाचूनही तो माणूस आपल्याला कधी दिसला नव्हता, असे म्हणाले. मग एका जागी थांबून त्यांनी तेथला मजकूर वाचला आणि मराठीत सांगितले, "त्या वर्षी त्याचा पाय मोडला होता. खेळाडूंनी त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसू दिलं नाही. पुढच्या हंगामात तो परत आला."

आत मंडळींनी ऐकले होते. "आला नव्हं परत?" एवढेच त्यांनी दारातून विचारले आणि चहाचे आधण चढवले.

नुकतीच शिवलेली पुस्तके उसवणे हा आमच्या धंद्यात कमीपणा समजतात. मी त्याच दुपारी, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या समोर, ती शिवण कापली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यावर आकडा घातला. अकरावे चित्र जागेवर बसवले, आणि त्याच्या पुढच्या पानावर तो पुन्हा आपल्या खुर्चीत, बादलीसह…

आज मंडळी नाहीत, दुकानही नाही. माझ्या हातची बिनचूक बांधलेली शेकडो पुस्तके कोठे कोठे असतील. पण समाधान विचाराल तर ते त्या चुकलेल्या एका पुस्तकाचे. त्या माणसाकडे बोट दाखवणारी मला घरातच लाभली होती, याबद्दल मी ऋणी आहे.