नटाचे तीन मुजरे

धारच्या आमच्या घराण्यात एकदा आवळलेली गोष्ट पुन्हा सुटता कामा नये, असा दंडक होता. लोणच्याच्या बरण्या आमच्याकडे उघडत नसत, फोडत. ट्रंकेला कडी लावली की ती पुढच्या पिढीने कानशीने कापायची. ह्या शौर्याचे सेनापती माझे वडील, म्हणजे आबासाहेब. त्यांचे आजोबा दरबारच्या पागेवर होते. संस्थान बुडालं, पागेत एक शेळीसुद्धा उरली नाही, आबासाहेब सरकारी कचेरीत कारकुनी करू लागले. पण हातात पाना आला की त्यांना समोरचा नट बंड केलेला जहागीरदार दिसायचा. त्यांनी एकदा सायकलच्या चाकाचा नट इतका आवळला, की चाक जागेवर राहिलं आणि धार शहर फिरलं. खोटं वाटत असेल तर धारला जाऊन बघा, बसस्टँड अजून तिरकाच आहे.

ऐंशीच्या सुमाराला देवासहून माझे आतोबा एक गाडी घेऊन आले. ते नोकरीसाठी साताऱ्याकडून देवासच्या कारखान्यात आलेले, तिथे सुपरवायझर. जुनी मोपेड घ्यायची, पेडल काढून किक बसवायची, मडगार्ड उंच करायचे, शेतातून नाल्यातून उधळेल असे दातेरी टायर चढवायचे. अशी गाडी त्यांनी आपल्या मुलासाठी बांधली होती. मुलगा तिच्यावरून एकदा पडला आणि त्यानंतर कॅरम खेळू लागला. म्हणून ती माझ्याकडे आली. मी पंधराची होते, आणि कॅरम मला आवडत नव्हता.

आबासाहेबांनी अट घातली. "तिरल्याच्या कोरड्या तळ्याला एक फेरी मारायची. सगळ्या नटबोल्टांसकट गाडी माझ्यापुढे उभी केलीस, तर तुझी. एक नट जरी सैल पडला, तरी गाडी देवासला परत. मुलीच्या जातीला शोभतं तरी का हे!"

त्या गाडीसाठी मी त्या दिवशी गिळायचे तेवढे सगळे टोमणे गिळले.

तिरल्याला निघण्याआधी आतोबांनी अंगणात इंजिनाचं हेड बसवताना मला समजावलं. त्यांचं बोलणं म्हणजे कारखान्याच्या भिंतीवरची पाटी. "बाळ, हेडचे चार नट. आधी चारही हाताने बसवून घ्यायचे. मग एक इकडचा, एक त्याच्या समोरचा, थोडा थोडा. एकच बाजू आवळली की हेड वाकडं बसतं. आणि शेवटी हा पाना." मोडीत निघालेला, पण चालू स्थितीतला टॉर्कचा पाना त्यांनी आणला होता, ठरलेला जोर झाला की तो 'कट्ट' करायचा. "कट्ट झालं की थांबायचं. आणि पाना अचानक मऊ लागला, तर समज, खालचे आटे गेले."

एवढ्यात आबासाहेब आले. "द्या इकडे, मेहुणे. हे मनगटाचं काम आहे."

पहिला नट. कट्ट.

"झालं, आबासाहेब," मी म्हणाले.

"झालं काय? आत्ता कुठे त्याने पहिला मुजरा केला! दरबारात तीन मुजरे असतात. एक मुजरा करून कोण माघारी जातं?"

आणि त्यांनी प्रत्येक नटाकडून तीन तीन मुजरे वसूल करायला घेतले. पान्यावर लोखंडी पाइप चढवला, अंगणातल्या कडुनिंबाला पाय लावला आणि असा ओढला, की शेजारच्यांच्या विहिरीचं पाणी चढलं. चौथ्या नटाला तिसऱ्या मुजऱ्याआधीच पाना लोण्यातून गेल्यासारखा फिरला.

"पाहा!" आबासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "कसा नरमला!"

मी आतोबांकडे पाहिलं. ह्या गृहस्थांना सगळं कळलं होतं. पण सासुरवाडीचं श्रीखंड अजून खायचं होतं. ते आकाशाकडे पाहून म्हणाले, "ऊन वाढलं नाही का?" असे हे शूर, आणि असे हे जाणते. एक जण आवळायचं थांबत नाही, दुसरा तोंड उघडत नाही.

तिरल्याला तळ्याच्या काठावर अर्धं गाव जमलं होतं. मी किक मारली. पहिल्या वळणापर्यंत गाडी अशी पळाली, की माझी सावली मागे राहून धुळीत खोकत बसली. मग पलीकडच्या चढावर फुस्स सुरू झालं. हेडच्या कडेने वाफ, धूर, काळं तेल. काठावरून पोरं ओरडली, "अरे भिया, कुकर की सीटी हो गई! दाल पक गई क्या, बेन?"

आणखी दोन फुसकारे, आणि गाडी बसली. मी उतरले. उरलेलं अर्धं तळं तिला ढकलत आणलं. ढेकळांतून, दात आवळून. आवळण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

आबासाहेबांच्या पुढ्यात गाडी उभी केली. ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "मेहुणे, चढवा टेम्पोत. जाऊ द्या देवासला."

"एक विचारू, आबासाहेब?" मी तिरल्याच्या सरपंचांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "म्हणजे तुम्ही आवळलेला नट सैल पडला?"

आतोबा बुटाकडे पाहू लागले. आबासाहेबांची मिशी आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे. 'हो' म्हणावं तर आजोबांपासूनचं मनगट गेलं. 'नाही' म्हणावं तर गाडी गेली.

"माझा नट?" ते गरजले. "माझा नट सैल? मोजून घ्या कोणीही! एक नट जागचा हललेला नाही!"

"मग अटीप्रमाणे..."

"अट म्हणजे अट! गाडी तुझी! तुझी, तुझी!"

हे मात्र त्यांनी आपण होऊन तीनदा म्हटलं.

नंतर देवासला नेऊन आतोबांनी मेलेले आटे काढले, भोक वाढवून नव्या आट्यांचा जाड स्टड बसवला. पाना मी ठेवून घेतला. पुढची कैक वर्षं अंगणात मी नट बसवायला बसले की आबासाहेब मागे येऊन उभे राहत. कट्ट झालं की त्यांना राहवत नसे. "अजून दोन राहिले."

मी पाना खाली ठेवायचे, उठायचे, आणि उरलेले दोन मुजरे वाकून त्यांनाच करायचे.