पितळी पिंपळपान

आमच्या परंड्याच्या सोसायटीचे चेअरमन कोटावर पितळी पिंपळपान लावत. ते त्यांनी तांबटाकडून करून घेतलं होतं. "भारतरत्नाचं पदक अस्संच असतंय," म्हणत बोटानं पुसत राहत.

दुष्काळात माझा बैल चाऱ्यावाचून खंगला, तेव्हा मी सोसायटीपुढच्या पिंपळाची फांदी मागितली. मग अर्ध्या फांदीवर आलो.

ते म्हणाले, "राष्ट्राच्या सन्मानाचं पान हाय ते. बैलाला घालता व्हय?"

पुढच्याच आठवड्यात मंत्र्यांसाठी कमान करायला त्यांनी तोच पिंपळ बोडका केला. मी बैल कमानीखाली नेऊन कासरा सोडला. मंत्री येईस्तोवर नुसते बांबू उरले.

चेअरमन ओरडत धावले. मी म्हणालो, "साहेब, लांब थांबा. आता त्यो तुमच्या छातीकडं बघतोय."