सोपटातली अंजिरं

कल्पना करा, दारातल्या झाडाची पिकलेली अंजिरं तुम्हाला सुकवायची आहेत. उन्हात ठेवायची, झालं, असंच वाटेल ना? गास गावच्या प्रेमलताबाईंनाही तसंच वाटलं होतं, आणि तसं वाटण्याचा त्यांना अधिकारही होता. लग्न होऊन आल्यापासून त्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करत आल्या आहेत. केळं सोलायचं, दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी केळीच्या वाळक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालपटात, गच्च गुंडाळायचं. रात्रभर गोडी मुरते.

अंजिराचं रोप दिलं होतं त्यांच्या व्याह्यांनी, पुरंदरच्या विलासरावांनी. सून ऋतिका तिकडचीच. यंदा झाड पहिल्यांदाच लगडलं, तेव्हा बाईंनी फोनवर सांगून टाकलं, "रविवारी याच. तुमच्याच झाडाची सुकी अंजिरं खायला घालते."

बोलून गेल्या, आणि तिथेच अडकल्या.

पहिल्या खेपेची अंजिरं संध्याकाळी सोपटात बांधली. सकाळी सोडली तर ताडीसारखा वास. त्यांचे यजमान काशिनाथ लांबूनच म्हणाले, "प्रेमा, व्याह्यांना खायला घालणार की प्यायला?"

दुसऱ्या खेपेला बाईंनी अंजिरं केळ्यासारखी सोलली. गर चटईला चिकटला आणि उरलेलं मुंग्यांनी नेलं.

"आई, अर्धी कापून ओव्हनमध्ये ठेवू या ना," ऋतिका म्हणाली.

"कापलेलं फळ तुझ्या बाबांपुढे ठेवू? सुकेळी कधी कापून सुकवली आपण?"

"पण हे केळं नाहीये, आई."

"माहीत आहे गं. केळं इतका छळ करत नाही."

तिसरी खेप सालीसकट ठेवली, सोपटाविना. खाडीकडचा दमट वारा आला आणि फळं बाहेरून सुरकुतली, आत मात्र आंबट पाणी तसंच.

रविवारी विलासराव आले. बाईंनी त्यांच्यापुढे सुकेळीची बशी ठेवली आणि सरळ सांगितलं, "अंजिरांनी माझं नाक कापलं. तुमच्या घरी कशी सुकवतात, ते तरी सांगा."

विलासरावांनी दुसरं सुकेळं उचललं. "आम्ही कुठे सुकवतो, विहीणबाई? तोडलं की पाटीत, पाटी भरली की बाजारात. मला वाटलं, तुम्हाला येत असेल. तुम्ही केळं सुकवता."

काशिनाथांना चहाचा ठसका लागला. ऋतिकाने पदराआड हसू दाबलं. प्रेमलताबाई हसल्या नाहीत. एवढी फळं वाया गेली आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच काही ठाऊक नाही.

त्या उठल्या, झाडाचं एक अंजीर तोडून आणलं आणि व्याह्यांसमोर उलटं धरलं. फळाच्या बुडाशी बारीकसं भोक होतं.

"सालीतून पाणी निघत नाही, ते मी पाहिलं. निघालं तर इथूनच निघणार," त्या म्हणाल्या. "सुकवत नसलात तरी अंजीर तुमच्याच घरचं. मग मला एवढंच सांगा, हे भोक वर करून वाळवायचं की खाली?"