विस्कळीत कुटुंब

१९ जानेवारी २०१६, मंगळवार. गुरुवारच्या सुनावणीसाठी एका मुलीचा अहवाल मी डहाणूच्या कार्यालयात बसून स्वच्छ अक्षरात उतरवत होते. तेव्हा मी परिवीक्षा अधिकारी होते. अल्पवयीन मुलं गुन्ह्याकडे का वळली हे शोधून बाल न्याय मंडळाला लिहून देणं, हे माझं काम. मुलगी सोळा वर्षांची, अच्छाडच्या एका ढाब्यावर भांडी घासायची. तिथे चार्जिंगला लावलेला ट्रकवाल्याचा मोबाइल तिने उचलला होता. तिला घरी सोडायचं की संस्थेत ठेवायचं, हे बरंचसं माझ्या अहवालावर ठरणार होतं.

'गुन्ह्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: 'आई-वडील अविवाहित. विस्कळीत कुटुंब. लहानपणापासून भावनिक आधाराचा अभाव. घरी पाठवणे योग्य नाही.'

शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, "मॅडम, 'विस्कळीत कुटुंब'चा शिक्काच करून घ्या. हात तरी वाचेल."

"आधी तुमच्या फायलींचं कुटुंब आवरा," मी म्हटलं.

दुपारी मुलीचे आई-वडील उधव्याहून आले. मी त्यांना मजकूर वाचून दाखवला. आई म्हणाली, "लगीन नाय लागलं म्हणून पोर चोर झाली का, बाई?"

"तसं नाही. पण घर..."

"घरात वीस वर्सं आहोत आम्ही. चार पोरं झाली. गावजेवण द्यायला जमलं की लावू लगीन. माझ्या सासूचं नि मोठ्या जावेचं एकाच मांडवात लागलं. मग सासूची पोरं बी चोरच म्हणा!"

"त्यातला एक हा इथंच बसलाय," वडील म्हणाले.

आधी संसार, पैसे जमले की लग्न, ही इथल्या आदिवासी पाड्यांवरची रीत मला माहीत नव्हती असं नाही. छापील फॉर्मात तिला जागा नव्हती, आणि मीही केली नाही. प्रशिक्षणात शिकलेलं काही खोटं नव्हतं. लहानपणी माया तुटली तर मूल बिथरतं. सोळाव्या वर्षी समोरची वस्तू दिसते, पुढचे परिणाम दिसत नाहीत. मुलीने मला सांगितलंच होतं, "फोन वाजत होता. कोणी उचलत नव्हतं. म्हटलं, बघू कोण बोलतंय." मग ढाब्याचा मालक ओरडला आणि ती घाबरून फोनसकट पळाली. हे ऐकूनही मी आई-बापांचंच कारण लिहिलं, कारण ते मला पाठ होतं.

त्याहून वाईट म्हणजे, 'प्रत्यक्ष गृहभेट' या शब्दांपुढे मी 'केली' असं लिहिलं होतं. त्या घरी मी गेलेच नव्हते.

निघताना आईने विचारलं, "पोर कधी येल?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एक खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अहवाल साहेबांपुढे ठेवला, गृहभेट खोटी लिहिल्याचं सांगितलं, त्यांनी मागितलेला लेखी खुलासा तिथेच बसून दिला आणि कोरा फॉर्म घेऊन उधव्याची एसटी पकडली.