ताई येणार म्हणून घेतलेली गोळी

डॉ. विमलताईंची आणि माझी पहिली भेट माझ्या डब्यावरून झाली. नुकताच डॉक्टर होऊन मी वाडीला त्यांच्या दवाखान्यात रुजू झालो होतो. दुपारी जेवायला बसलो, तर ताईंनी माझ्या डब्यातलं लोणचं, पापड आणि दह्यातली मिरची बशीत वेगळी काढली. "यात भाजी कुठं आहे गा? हे तर सारं मीठच आहे," म्हणाल्या आणि माझ्याच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. आकडा वर होता. तेव्हापासून मी त्यांचा सहकारी आहे आणि पेशंटही. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात गोड लिहावं अशी रीत आहे. पण विषय मिठाचा निघाला, गोड कुठून आणू?

अमरावती रोडवरच्या गोदामांत ताई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बीपी तपासायला जात. ड्रायव्हर, हमाल, कारकून रांग लावत. सकाळी तर्री-पोहे, दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, रात्रभर गाडी, असं त्यांचं आयुष्य. ताईंनी कुणाला कधी झिडकारलं नाही. "तर्री सोडू नको, पण वाटीभर काहून घेतो? चमचाभर घे," एवढंच सांगत. एका ड्रायव्हरला झोप मिळेना, तर त्याच्या मालकाकडे स्वतः जाऊन त्यांनी त्याची रात्रपाळी बंद करवली. हा आजार दुखत नाही, म्हणून गोळी रोज घ्यायची, हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! लोक माना डोलवत. ताईंवर माणसांचा जीव होता, आणि घात तिथेच झाला.

शालिकराव हे तिथल्या एका गोदामाचे मुकादम. त्यांचं बीपी दर वेळी उत्तम असायचं. ताई त्यांना चारचौघांत पुढे बोलवून म्हणत, "या शालिकरावायसारखे वागा." गेल्या हिवाळ्यात ते पोत्यांच्या थप्पीजवळ कोसळले. लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

दवाखान्यात त्यांच्या पत्नी ताईंचा हात धरून रडत होत्या. "तुमी येयाच्या आदी दोन दिस ते बिना मिठाचं जेवत, ताई. गोळीबी घेत. ताईले वाईट नाही वाटलं पाहिजे म्हणत."

"अन् बाकीच्या दिवशी वं?"

"बाकीच्या दिवशी तं त्यायले बरंच वाटे न!"

ताई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बीपी नाही, माझा मान मोजून राहिली होती." त्यांना इतकं खचलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि त्या म्हणत होत्या ते खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात ताई न सांगता गोदामात गेल्या. मी सोबत होतो. ज्याच्या दंडाला पट्टा लावावा त्याचा आकडा वर. माणसं ओशाळली होती. एक हमाल तर रागावलाच. "ताई, येनार होत्या तं सांगाचं न जी! तयारी तरी केली असती."

एवढं होऊनही ताई थांबल्या नाहीत. रोज सकाळी शालिकरावांच्या घरी जातात, स्वतःच्या हातानं त्यांना गोळी देतात. शालिकराव डावा हात कसाबसा कपाळापर्यंत नेऊन नमस्कार करतात. तो नमस्कार ताईंना बघवत नाही.

सत्कार वाडीतच ठरला. आमंत्रण द्यायला मी गोदामात गेलो, तर सगळे हौसेनं गोळा झाले. "ताई पट्टा आनतीन न, डॉक्टरसाहेब? आमी दोन दिस आदीपासूनच मीठ बंद करतो. सत्काराच्या दिवशी त्यायले चांगलंच दिसलं पाहिजे!" मी आमंत्रणं वाटून परतलो. ताईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्या हा लेख वाचतील तेव्हा कळेल.

ताई, खूप जगा, निरोगी जगा. हे मी प्रेमानं म्हणतोय, पण त्याहून जास्त भीतीनं म्हणतोय. तुम्ही येणार म्हणून आमची माणसं महिन्यातले दोन दिवस तरी गोळी घेतात. तुम्ही यायच्या थांबलात, तर तेवढीही कुणी घेणार नाही.